छातीला ‘शेक’ घेतलाय का?

आमच्याकडे रेडिओथेरपीला कुणी ‘शेक’ म्हणतं, कुणी ‘लाईट’. माजलगावची माणसं त्यासाठी बार्शीला, संभाजीनगरला, नाहीतर थेट मुंबईला ‘टाटा’ला जातात. काही आठवडे धर्मशाळेत काढायचे आणि फाईल पिशवीत घालून परत यायचं. पुढे ती फाईल पत्र्याच्या पेटीत जाते. माझा मुद्दा त्या फाईलीचा आहे.

डाव्या स्तनाला शेक देताना मागेच हृदय असतं. किरणांनी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होते, सूज धुमसत राहते आणि काही वर्षांनी वाहिनी अरुंद होते. झडपा आणि हृदयाभोवतीचं आवरणही कडक होऊ शकतं. स्वीडन-डेन्मार्कच्या २,१६८ बायकांचा अभ्यास २०१३ साली आला. हृदयाला मिळालेल्या दर एका ग्रेमागे हृदयविकाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो, सुरुवात पहिल्या पाच वर्षांतच होते आणि वीस वर्षांनंतरही तो संपलेला नसतो.

आता कृपया घाबरून शेक टाळू नका! ही वाढ मूळ धोक्यावरची आहे. म्हणजे शंभरात चार असतील तर एका ग्रेने ते ४.३ होतात. कॅन्सर परत येण्याचा धोका बहुतेकींसाठी याहून कितीतरी मोठा. शिवाय आता दीर्घ श्वास रोखून किरण देतात, त्यामुळे हृदय छातीच्या भिंतीपासून थोडं दूर सरकतं.

पण विचार करा, ऊसतोडीला गेलेल्या बाईच्या छातीत आठ वर्षांनी फडातच कळ आली. जवळचा डॉक्टर ॲसिडिटीची गोळी देणार, कारण शेकाचं त्याला कोण सांगणार? ती स्वतः म्हणणार, “कॅन्सर तर बरा झाला की!”

सीटी काढून प्लॅनिंग झालं असेल, तर हृदयाला किती मात्रा गेली हा आकडा तिथल्या कॉम्प्युटरमध्ये असतोच. आमच्या धंद्याच्या भाषेत, डेटा आहे, रिपोर्ट नाही. डिस्चार्ज कार्डावर मराठीत चार ओळी छापा: कोणती बाजू, कोणतं साल, एकूण किती ग्रे, हृदयाला किती. खाली लिहा की बीपी-शुगर दरवर्षी तपासा, मिश्री सोडा, छातीत दुखलं तर हे कार्ड दाखवा.

यासाठी नवं मशीन लागत नाही, बजेट लागत नाही. प्रिंटरला शाई असली की झालं. आणि तुमच्या घरात कुणी शेक घेतला असेल, तर पेटीतली ती फाईल या रविवारी काढून तिचा मोबाईलवर फोटो तरी घेऊन ठेवा.