विश्लेषण : देशाचा माल वाहणाऱ्या ट्रकचालकाने झोपायचे कधी?

नाशिकचा कांदा दिल्लीच्या आझादपूर मंडईत पोहोचतो, भिवंडीच्या गोदामातले वॉशिंग मशीन रायपूरच्या दुकानात लागते. ग्राहकाला दिसतो तो माल आणि त्याची किंमत. तो आणणारा चालक तोवर पुढच्या भाड्याच्या शोधात एखाद्या पेट्रोल पंपाच्या आवारात केबिनमध्ये आडवा झालेला असतो. देशांतर्गत मालवाहतुकीपैकी सुमारे ७० टक्के माल रस्त्याने जातो, असे नीती आयोगाच्या २०२२ मधील अहवालात म्हटले आहे. तरी ट्रकचालकाची आठवण होते ती पंपावर ‘पेट्रोल नाही’ अशी पाटी लागल्यावरच. जानेवारी २०२४ मध्ये मनमाडजवळच्या पानेवाडीतील इंधन डेपोंतून टँकर निघेनासे झाले, तेव्हा हेच घडले.

एक खेप म्हणजे काय?

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, माल भरला, गाडी निघाली, माल उतरवला. प्रत्यक्षात खेपेचा मोठा भाग गाडी उभी असतानाच जातो. हुंडेकऱ्याकडून भाडे मिळेपर्यंत थांबायचे, कारखान्याच्या फाटकावर नंबर लागेपर्यंत थांबायचे, हमाल येईपर्यंत थांबायचे. अनेक फाटकांवर चालकासाठी ना शौचालय असते, ना बसायला बाकडे. माल भरला की ताडपत्री ओढून दोर आवळायचे. पाऊस आला आणि पोती भिजली तर जाब चालकालाच विचारला जातो. मालाची चढ-उतार करण्याची मजुरी, म्हणजे वाराई, कुणी द्यायची यावरून तर महाराष्ट्रात वर्षानुवर्षे वाद आहे. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही कोल्हापूरपासून मुंबईपर्यंतच्या वाहतूकदारांची घोषणा त्यातूनच आली.

थांबण्यात गेलेले तास मग रस्त्यावर भरून काढले जातात. नाशिकहून दिल्लीकडे निघालेली गाडी धुळे, शिरपूर, पळासनेर मागे टाकत बिजासनचा घाट चढते, तेव्हा बहुतेकदा मध्यरात्र उलटलेली असते. कांदा नाशवंत, मंडई पहाटे भरणार. एका दिवसाचा उशीर झाला तर व्यापाऱ्याचा भाव जातो आणि चालकाचे पैसे कापले जातात.

या जगण्याची स्वतःची शिस्त आहे. गाडीच्या पेटीत छोटी शेगडी, पीठ-डाळ, कांदे, तिखटाची डबी. ओळखीचा ढाबा ठरलेला. तिथली बाज, तिथला हौद आणि उधारीची वहीही ठरलेली. टायरवर हातोडी मारून नुसत्या आवाजावरून हवा ओळखायची. पाटा तुटला तर कोणत्या गावात रात्रीही मिस्त्री उठून येतो, हे पाठ. मराठी, हिंदी, थोडी कन्नड, थोडी तेलुगू असे कामापुरते बोलता येणे, हे या माणसांचे शिक्षण कोणत्याही प्रमाणपत्रावर नोंदलेले नाही. खंडेनवमी-दसऱ्याला झेंडूची माळ गाडीला चढते, चालक घरी असो वा नसो. अनेकदा तो नसतोच.

आणि झोप? ती सावध. डिझेलची टाकी आणि ताडपत्रीखालचा माल, दोन्हींवर चोरांचा डोळा असतो.

कायद्याने किती तास काम?

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली. लांब पल्ल्यासाठी परवानगीने ती दहा आणि ५४ तासांपर्यंत नेता येई. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांतीही सांगितली. पण हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. ज्याच्याकडे दोन-तीन गाड्या आहेत किंवा जो स्वतःच मालक आणि स्वतःच चालक आहे, तो त्याच्या कक्षेबाहेर. मालवाहतुकीचा धंदा आपल्याकडे अशाच लहान मालकांच्या जिवावर उभा आहे. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चालक दिवसाला सरासरी सुमारे १२ तास गाडी चालवतात असे आढळले, त्यात म्हणूनच नवल वाटण्यासारखे काही नाही.

गंमत अशी की वेळेचा हिशेब मालासाठी मात्र काटेकोर आहे. ई-वे बिलाची मुदत आधी १०० किलोमीटरला एक दिवस अशी होती. १ जानेवारी २०२१ पासून ती २०० किलोमीटरला एक दिवस झाली. म्हणजे १,४०० किलोमीटरसाठी सात दिवस. वाटेत गाडी बिघडली आणि मुदत वाढवून घ्यायची राहिली, तर पकडली जाते ती गाडीच. मालाच्या प्रवासाची मुदत सरकारी संगणकात नोंदली जाते; चालक शेवटचा कधी झोपला, हे कुठेच नोंदले जात नाही.

पैशाच्या रचनेचाही यात हात आहे. अनेक ठिकाणी खेपेला डिझेल मोजून मिळते आणि वाचलेले चालकाचे. पुण्यात नवले पुलाकडच्या उतारावर गाड्या न्यूट्रलवर सोडल्या जातात, त्यामागे हे एक कारण आहे. न्यूट्रलवर इंजिनाचा अटकाव संपतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होतात. इंजिनच बंद केले तर हवेचा दाबही उतरतो. अपघातानंतर चालकाला दोष दिला जातो आणि तो बऱ्याचदा योग्यही असतो. पण चार लिटर डिझेलसाठी जीव पणाला लावावा अशी मजुरीची पद्धत कुणी आखली, हे विचारले जात नाही.

क्लीनर कुठे गेला?

पूर्वी गाडीवर उस्ताद आणि क्लीनर, बोलीत ‘किन्नर’, अशी जोडी असे. काच पुसणे, चाकाला उटी लावणे, मागे घेताना ‘आने दो’ म्हणणे आणि पहाटे उस्तादाला डुलकी लागू नये म्हणून बोलत राहणे ही त्याची कामे. रिकाम्या मैदानात उस्ताद त्याच्या हातात स्टिअरिंग देई. खर्च वाचवण्यासाठी अनेक मालकांनी क्लीनर काढून टाकला. आज चालक मिळत नाहीत अशी ओरड वाहतूकदार करतात, तेव्हा ही शाळा आपणच बंद केली, हे ते सांगत नाहीत. अवजड वाहनासाठी आठवी पासची अट केंद्राने २०१९ मध्ये काढली, पण अट काढल्याने शिकवणारा परत येत नाही.

सोयी झाल्या, त्या कुणापर्यंत?

काही बदल खरे आहेत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि दहिसर, मुलुंडच्या जकात नाक्यांवरच्या रांगा संपल्या. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, टोलवरचा वेळ घटला. इंधन कंपन्यांनी पंपांवर ‘अपना घर’ नावाने चालकांसाठी खाटा, स्नानगृहे आणि स्वयंपाकाची जागा सुरू केली. १ ऑक्टोबर २०२५ नंतर तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन बंधनकारक आहे. मे महिन्यात विदर्भातून जाणाऱ्या चालकाला ही चैन वाटणार नाही. मात्र नियम नव्या गाड्यांना आहे. आज रस्त्यावर असलेल्या लाखो जुन्या केबिन तशाच तापणार.

‘हिट अँड रन’चे पुढे काय झाले?

भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) मध्ये अपघात करून पोलीस किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या कलम ३०४ अ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यूला कमाल दोन वर्षे होती. जखमीला रस्त्यात टाकून जाणे समर्थनीय नाही. पण जमावाच्या हाती सापडलेल्या चालकाचे काय होते, हेही महामार्गावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. २ जानेवारी २०२४ रोजी केंद्राने वाहतूकदारांच्या संघटनेशी चर्चा केल्याशिवाय हे कलम लागू न करण्याचे आश्वासन दिले. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली, तेव्हा हे पोटकलम बाजूला ठेवण्यात आले. ते लागू झाले नाही, पण रद्दही केले गेले नाही.