यंत्राचा केर कोण काढणार?

घरातला केर काढणाऱ्या यंत्रमानवाविषयी साहित्याच्या अभ्यासकाने लिहावे का, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. मला तसे लिहिणे अप्रस्तुत वाटत नाही. मुळात ‘रोबो’ हा शब्दच साहित्याने जगाला दिलेला आहे. कारेल चापेक या चेक लेखकाच्या ‘आर. यू. आर.’ (१९२०) या नाटकातून तो सर्वत्र पसरला. हा शब्द सुचवला होता चापेकच्या भावाने, योसेफने. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे वेठ. तेव्हा रोबो म्हणजे आपल्या भाषेत वेठबिगार. वेठबिगाराचे लक्षण असे की, त्याने काम करावे आणि बदल्यात काही मागू नये. आजची जाहिरात नेमके हेच आश्वासन देते : बटण दाबा आणि विसरा.

या आश्वासनाची परीक्षा पुण्या-मुंबईच्या गुळगुळीत फरशीवर न करता बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीसारख्या गावात करून पाहावी. शहरात नोकरीला असलेली मुले गावी राहिलेल्या आईवडिलांसाठी असे यंत्र ऑनलाइन मागवून पाठवतात, यात आता नवल उरलेले नाही. त्यामागचा हेतू प्रेमाचाच असतो. आईची कंबर वाकत नाही, घरकामाला बाई मिळत नाही. मग यंत्र येते आणि पहिले काही दिवस शेजारीपाजारी ते पाहायला येतात.

पुढे यंत्र मागू लागते. त्याच्या ब्रशच्या आसाभोवती केस आणि दोरे गुंडाळले जातात. ते कात्रीने कापून काढावे लागतात. कापसाच्या मुलखात घरात तंतू उडतातच. काळ्या मातीची धूळ मैद्यासारखी बारीक. ती गाळणीत बसली की ओढ कमी होते. गाळणी झाडावी लागते, काही महिन्यांनी बदलावीही लागते. पुढचे छोटे चाक कचऱ्याने अडकते. यंत्राच्या पोटाखाली पायरीचा कडा ओळखणारे संवेदक असतात. ते अवरक्त किरण खाली सोडतात आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून जमीन आहे की नाही, हे ठरवतात. त्यांच्यावर धूळ साचली की सपाट जमिनीवरही यंत्र थबकते. काळा कडप्पा प्रकाश शोषून घेतो, म्हणून काही यंत्रे कडप्प्याला खड्डा समजून मागे फिरतात. साधारण दोन सेंटिमीटरपर्यंतचा उंचवटा ते चढते. आपल्या जुन्या घरांचा उंबरठा त्याहून उंच असतो. म्हणजे ज्याला घर सांभाळायचे, त्यालाच उचलून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचे. त्यातली लिथियमची बॅटरी काही वर्षांत क्षीण होते. महिनोन्‌महिने बंद पडून राहिली तर त्याआधीच.

यांतील एकही गोष्ट यंत्राचा दोष नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. फिरणारी, घासणारी, धुळीत वावरणारी कोणतीही वस्तू निगा मागणारच. माझा आक्षेप वेगळा आहे. भरवसा हा यंत्राच्या अंगचा गुण आहे, असे आपण मानतो. तो मुख्यतः यंत्राभोवतीच्या व्यवस्थेचा गुण असतो. विळा किंवा कुऱ्हाड भरवशाची का होती? लोखंड उत्तम होते म्हणून नव्हे. धार गेली की गावातच लोहार होता म्हणून. त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे जे वर्णन आहे, ते या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. सुतार-लोहारांनी वर्षभर औते नीट ठेवायची आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यायचा, असा तो संबंध होता. ही व्यवस्था जातीने जखडलेली होती. ज्यांनी शिंदीच्या केरसुण्या बांधल्या, त्यांनाच गावाबाहेर ठेवले गेले. तिचे गोडवे गाण्याचे काहीच कारण नाही. ती मोडली हे योग्यच झाले. पण तिच्यासोबत दुरुस्तीची जबाबदारी जवळच कोणाची तरी असते, हा विचारही मोडला आणि त्याच्या जागी न्याय्य असे दुसरे काही आपण उभे केले नाही.

धर्मापुरीचे नाव मी येथे घेतले, त्याला आणखी एक कारण आहे. हे गाव केदारेश्वराच्या चालुक्यकालीन मंदिरासाठी अभ्यासकांना परिचित आहे. त्या काळातील दख्खनचे कोरीव लेख ज्यांनी वाचले आहेत, त्यांना ‘खंडस्फुटितजीर्णोद्धार’ हा सामासिक शब्द वारंवार भेटलेला असेल. मंदिराला जमीन किंवा कराचे उत्पन्न दान देताना ते कशासाठी, हे लेखात नोंदवलेले असते : पूजेसाठी, नैवेद्यासाठी आणि तुटल्या-फुटल्याच्या दुरुस्तीसाठी. वास्तू नवी असतानाही ती एक दिवस तडकणार, हे दात्याने गृहीत धरलेले असे, आणि त्या दिवसाची तरतूद तो दगडावर कोरून ठेवी. दगडाच्या मंदिरालाही ज्यांनी निगेची हमी दिली, त्यांच्या वारसांना प्लॅस्टिकच्या यंत्राबरोबर बहुधा एका वर्षाची वॉरंटी मिळते, आणि तिचे कलम वाचायला भिंग लागते.

प्रश्न केवळ सुट्या भागांचा नाही. ही यंत्रे फोनवरच्या अ‍ॅपशी आणि दूरच्या सर्व्हरशी जोडलेली असतात. कंपनी बुडाली तर अनेक यंत्रांतील घराचे नकाशे, वेळापत्रक या सोयी संपतात. धडधाकट यंत्र अर्धवट मुके होते. ही भीती काल्पनिक नाही. ‘नीटो’ ही या क्षेत्रातली नावाजलेली कंपनी २०२३ मध्ये बंद करण्यात आली. २००२ मध्ये ‘रूम्बा’ बाजारात आणून हा प्रकार घराघरांत पोहोचवणाऱ्या ‘आयरोबो’ कंपनीनेही डिसेंबर २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला. जिथे निर्मातीच अस्थिर, तिथे तालुक्यापासूनही दूर असलेल्या ग्राहकाने कोणाकडे पाहावे?

आता प्रश्न श्रमाचा. रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन इतिहासकार स्त्रीने १९८३ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की, घरगुती यंत्रांनी गृहिणीचे काम संपवले नाही. काही कामे हलकी केली, पण नव्या कामांची आणि स्वच्छतेच्या वाढत्या अपेक्षांची भर घातली. आपल्याला हे समजायला अमेरिकेत जावे लागत नाही. शेजारच्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईच्या नावावरील अभंगांत एक विलक्षण चित्र आहे : जनी झाडते आणि विठ्ठल तिच्या मागून केर गोळा करून तो दूर टाकून येतो. या चित्राची भक्तिपर मीमांसा पुष्कळ झाली. श्रमाच्या अंगाने पाहिले तर त्यात एक व्यवहारी जाण दिसते. झाडणे हे काम झाडण्यापाशी संपत नाही. शेवटी केर उचलणारा कोणीतरी लागतो, आणि देवाने हात लावला तो त्या शेवटच्या, कोणालाच नको असलेल्या कामाला. यंत्र नेमके तेवढेच काम शिल्लक ठेवते. त्याचा डबा रिकामा करणे, ब्रश सोडवणे, गाळणी झाडणे हे ज्या घरात पूर्वी जी झाडत होती, तीच करते. फक्त या कामाला आता ‘काम’ असे नाव उरत नाही. ‘यंत्र आहे की’ असे म्हटले की घरातले बाकीचे मोकळे.

म्हणून यंत्र घेऊ नये, असे मी म्हणत नाही. गुडघ्यांनी साथ सोडलेल्या वृद्धेला ते खरोखर दिलासा देते, आणि केरसुणीचे काव्य तिला ऐकवणे हा निर्दयपणा ठरेल. मात्र विकत घेताना चौकशी ओढीच्या शक्तीची करतो, तशी दुरुस्तीचीही करावी. बॅटरी घरी बदलता येते का, गाळणी आणि ब्रश किती वर्षे मिळतील, इंटरनेट नसताना केवळ बटणावर यंत्र चालते का, हे विचारावे. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्यासमोरच्या क्षेत्रांत शेतीची अवजारे आणि घरगुती टिकाऊ वस्तू दोन्ही होत्या. हा हक्क कायद्याने बंधनकारक व्हावा आणि तो तालुक्याच्या ठिकाणी पोहोचावा. आयटीआय शिकलेला गावातला मुलगा मोटारपंप उघडतो, तसा हे यंत्रही उघडू शकेल. त्याला सुटे भाग आणि माहितीपत्रक मिळाले पाहिजे, तेही मराठीत.

आणि भेट पाठवणाऱ्या मुलांना एक सांगावेसे वाटते. यंत्र पाठवले म्हणजे जबाबदारी पोहोचली असे नव्हे. सुट्टीत गावी गेल्यावर ते उलटे करून त्याच्या ब्रशात अडकलेले आईचे पांढरे केस आपल्या हाताने सोडवावेत. निगा या शब्दात निदान एवढे तरी येते.