सेवा दिसते, जात दिसत नाही

दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीचा दर्जा द्यायचा की नाही, हे तपासण्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. मुदत दोन वर्षांची होती, ती पुढे वाढवली गेली. आयोगाचं काम लांबत असताना न्यायालयांचे निकाल मात्र येत राहिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेला अनुसूचित जातीचा दाखला नाकारला, कारण ती बाप्तिस्मा घेतलेली आणि चर्चला जाणारी होती. एप्रिल २०२५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने त्याहून पुढचं पाऊल टाकलं. दहा वर्षं पास्टर म्हणून काम करणाऱ्या एका माणसाने जातीवरून शिवीगाळ आणि मारहाण झाल्याची तक्रार केली होती. तो ख्रिस्ती झालेला असल्याने त्याला ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण मागता येणार नाही, असं म्हणून न्यायालयाने तो खटलाच रद्द केला.

या निकालाचा अर्थ सरळ आहे. मारणाऱ्याला समोरच्याची जात माहीत असते. पोलिसांना माहीत असते, गावाला माहीत असते. फक्त कायद्याला ती दिसत नाही, आणि न दिसण्याचं कारण म्हणजे मार खाणारा माणूस रविवारी उपासना चालवतो.

माझ्या पीएचडीच्या कामासाठी मी श्रीपेरुंबुदूरमध्ये राहते आहे. चेन्नईपासून साधारण चाळीस किलोमीटरवर, बंगळुरू महामार्गावरचं हे गाव. रामानुजाचार्यांचं जन्मस्थान म्हणून देशभर ओळखलं जातं. मे १९९१ मध्ये राजीव गांधींची हत्या इथेच झाली. आता ओळख आहे ती कारखान्यांची. इरुंगाट्टुकोट्टैला ह्युंदाई, सुंगुवारछत्रमला फॉक्सकॉन आणि सॅमसंग. गावाच्या कडेला, ज्याला तमिळमध्ये चेरी म्हणतात, म्हणजे आपल्याकडचा महारवाडा-मांगवाडा, तिथे पत्र्याच्या छताचं एक छोटं चर्च आहे. पन्नासेक घरांची मंडळी. ती चालवतं एक वयस्क जोडपं. ती कुठल्या चर्चसंस्थेची, हे इथे महत्त्वाचं नाही.

ते चर्चच्या शाळेतले निवृत्त शिक्षक. निवृत्तीनंतर घरी बसण्याऐवजी इथे ‘उपदेशियार’ म्हणून आले. पाळकाच्या हाताखाली मंडळी सांभाळणाऱ्याला तमिळ ख्रिस्ती समाजात हा शब्द आहे. त्यांच्या पत्नीला सगळे अम्मा म्हणतात, मीही तेच म्हणते. दोघांचा दिवस मी कित्येक महिने पाहिला. रविवारची उपासना हा त्यातला सगळ्यात लहान भाग. कुणाचं रेशनकार्ड अडलं, कुणाच्या मुलाला शाळेचा दाखला मिळत नाही, कारखान्याच्या वसतिगृहातल्या कुठल्या मुलीला ताप आला आणि तिचं गाव तीनशे किलोमीटर लांब आहे, कुणाच्या घरी मयत झालं, हे सगळं या दोघांकडे येतं. सरकारी दवाखान्यात रात्रभर बसायला अम्मा जातात. संध्याकाळी दहावीच्या मुलींना गणित अम्मा शिकवतात. मानधन मिळतं ते एकट्या उपदेशियारांना. चर्चच्या वार्षिक अहवालात त्यांचं नाव असतं, त्याखाली ‘आणि सौ.’ एवढाच उल्लेख.

आल्यानंतर पहिल्या महिन्यात त्यांनी गावात भाड्याने घर शोधलं. घरमालकाने धर्म विचारला, ख्रिस्ती म्हटल्यावर त्याला काही अडचण नव्हती. मग त्याने विचारलं, चर्च कुठे आहे? उत्तर ऐकल्यावर घर आधीच दुसऱ्याला दिल्याचं त्याला आठवलं. हे सांगताना अम्मा मला म्हणाल्या, ‘‘बायबल बघून कुणी घर नाकारलं नाही, मा. चर्च कुठल्या गल्लीत आहे, ते ऐकून नाकारलं.’’ दोघं आजही चर्चमागच्या दोन खोल्यांत राहतात.

अम्मांची सख्खी बहीण त्याच जिल्ह्यात, तशाच वस्तीत राहते. ती देवळात जाते. तिच्या मुलांकडे अनुसूचित जातीचा दाखला आहे. अम्मांच्या मुलाकडे मागासवर्गाचा आहे, कारण तमिळनाडू सरकार अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना त्या यादीत धरतं. महाराष्ट्रातही त्यांची जागा ओबीसीत आहे. एकाच आईच्या दोन मुली, एकच वस्ती, एकच पाणवठा. पण एकीच्या घरावर दगड पडला तर ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवता येतो, दुसरीच्या घरावर पडला तर येत नाही.

हा फरक केला तो १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात फक्त हिंदूंनाच अनुसूचित जातीचं मानलं गेलं. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला, १९९० मध्ये बौद्धांचा. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. मद्रासच्या रस्त्यावर चपला शिवणारे सूसै नावाचे एक आदि द्रविड गृहस्थ हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले होते. सरकारने रस्त्यावरच्या चर्मकारांना फुकट टपऱ्या दिल्या, पण सूसै ख्रिस्ती असल्यामुळे त्यांना दिली नाही. १९८५ मध्ये न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. धर्म बदलल्यावरही जातीचा जाच तेवढाच राहतो, याचा पुरेसा पुरावा नाही, असं कारण दिलं. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढून टाकण्याची शिफारस केली. एप्रिल २०२३ मध्ये तमिळनाडू विधानसभेने तसा ठराव केला. परिच्छेद अजून तिथेच आहे.

या प्रदेशाला हा प्रश्न नवा नाही. इंग्रजांच्या काळात श्रीपेरुंबुदूर चेंगलपट्टू जिल्ह्यात होतं. १८९१ मध्ये तिथले कलेक्टर ट्रेमेनहीर यांनी जिल्ह्यातल्या परैयर समाजाच्या अवस्थेवर अहवाल लिहिला. स्वतःच्या झोपडीखालची जागाही त्यांच्या मालकीची नाही, असं त्यात नोंदलं. त्या काळात तिथे काम करणाऱ्या मिशनऱ्यांनीही जमिनीचा प्रश्न लावून धरला होता. १८९२ मध्ये मद्रास सरकारने अस्पृश्यांना जमिनी देण्याचा आदेश काढला. त्याच या पंचमी जमिनी. पुढच्या शंभर वर्षांत त्यातल्या पुष्कळशा सवर्णांच्या आणि कंपन्यांच्या ताब्यात गेल्या. ऑक्टोबर १९९४ मध्ये कारणै गावातल्या पंचमी जमिनीसाठी झालेल्या आंदोलनात चेंगलपट्टूला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जॉन थॉमस आणि एळुमलै हे दोघे मारले गेले. एक नाव बायबलमधलं, दुसरं तमिळ. जमीन एकच होती आणि गोळ्याही एकाच बंदुकीच्या बाजूने आल्या.

मराठी वाचकाला चर्चमधलं जोडपं म्हटलं की रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक आठवतात. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. ब्राह्मण घरातून आलेलं हे जोडपं अहमदनगर जिल्ह्यात ज्या मंडळींत वावरलं, त्या बहुतांशी महार आणि मांग समाजाच्या होत्या. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं म्हणून त्यांचं सोवळं कसं सुटलं, हे आपल्याला माहीत आहे. ज्या बायकांच्या हातचं खाऊन ते सुटलं, त्यांची आत्मचरित्रं मात्र आपल्याकडे नाहीत. त्या बायकांच्या नाती-पणती आज नगर, जालना, सोलापूरच्या मंडळींत पाळकबाई म्हणून अम्मांसारखंच बिनपगारी काम करतात.

सोलापूरचा उल्लेख आणखी एका कारणाने करायला हवा. १ जानेवारी १९३८ रोजी बाबासाहेब आंबेडकर तिथे भारतीय ख्रिस्ती समाजापुढे बोलले. येशूबद्दल त्यांनी आदराने सांगितलं, पण दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळली जाते, हे तोंडावर सुनावलं. महाराचा मुलगा ख्रिस्ती झाला की त्याची शिष्यवृत्ती जाते आणि तुमच्यात इतके शिकलेले असून या अन्यायाविरुद्ध तुम्ही लढत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. शिष्यवृत्तीचा प्रश्न जवळपास नव्वद वर्षं झाली तरी तिथेच आहे. चर्चमधल्या जातीचाही तिथेच आहे. तमिळनाडूत ख्रिस्ती दफनभूमीतही जातीच्या भिंती उभ्या आहेत. त्याविरुद्ध विचारांची लढाई चेन्नईतच उभी राहिली, आणि त्यात महाराष्ट्रातून आलेल्या अरविंद निर्मल यांचा वाटा मोठा होता. गुरुकुल धर्मशास्त्र महाविद्यालयात त्यांनी १९८० च्या दशकात दलित धर्मशास्त्राचा पाया घातला. मराठी आंबेडकरी वाचनात त्यांचं नाव क्वचितच येतं.

आता आपल्यातल्याच आक्षेपांकडे वळू. पहिला असा की, जात सोडायला धर्म बदलला, मग जातीचा दाखला कशाला? हाच प्रश्न १९५६ नंतर आपल्या आजी-आजोबांना विचारला गेला होता. मी नवबौद्ध घरातली आहे. केंद्राच्या सवलतींसाठी आमच्या समाजाला १९९० पर्यंत थांबावं लागलं. माझी फेलोशिप त्या दुरुस्तीमुळे आहे. आमच्या घराने जात मानणं सोडलं, गावाने आमच्यावर ती लादणं सोडलं नाही, म्हणून तो दाखला आम्हाला मिळाला. हाच निकष अम्मांच्या मुलाला लावायचा नाही, तर आपल्याला त्याचं कारण देता आलं पाहिजे. मला ते सापडलेलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. जागा तेवढ्याच राहिल्या आणि वाटेकरी वाढले, तर आपल्या पोरांचं काय? जो घरातला पहिला पदवीधर आहे, ज्याच्या मागे दोन भावंडं शिकायची आहेत, त्याची ही भीती कुणी हसण्यावारी नेऊ नये. पण ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण दिल्याने कुणाची एकही जागा कमी होत नाही. ते लगेच देता येतं. शिष्यवृत्तीसाठी वेगळी तरतूद करता येते. जागांच्या प्रश्नावर लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा वाढवण्याची मागणी दोघांना मिळून करता येते. २०२७ च्या जनगणनेत जात मोजली जाणार आहे. त्यात दलित ख्रिस्ती कुटुंबांची जात आणि धर्म दोन्ही नोंदले जावेत, हा आग्रह आताच धरला पाहिजे. मोजणीत जे दिसत नाहीत, त्यांच्या नावाने पुढे कुणीही काहीही बोलू शकतं.

चर्चसंस्थांनाही सांगायला हवं. दिल्लीत समान हक्क मागताना स्वतःच्या दफनभूमीतली भिंत आधी पाडावी लागते. चेरीतल्या मंडळीत आयुष्य घालवणाऱ्या जोडप्याला समारंभात शाल देऊन भागत नाही. दोघांच्या कामाची नोंद हवी, दोघांना मानधन हवं, आणि ज्या समित्या चर्चच्या जमिनी आणि शाळा चालवतात त्यांत त्यांच्या वस्तीतली माणसं हवीत. सेवा हा शब्द फार जुना आहे. आपल्याकडे तो पूर्वापार खालच्या जातीकडून आणि घरातल्या बाईकडून फुकट काम करून घ्यायला वापरला गेला आहे. येशूचं नाव जोडल्याने त्याचा तो इतिहास पुसला जात नाही.

या स्तंभाचे वाचक बहुतेक घरातले पहिले पदवीधर आहेत. दाखला मिळवायला वडिलांनी तहसील कचेरीत किती खेपा घातल्या, हे आपल्याला तोंडपाठ असतं. श्रीपेरुंबुदूरच्या त्या चर्चमध्ये दहावीचं गणित शिकणाऱ्या मुलींमध्येही उद्याच्या पहिल्या पदवीधर आहेत. त्या कॉलेजात अर्ज भरतील तेव्हा जातीच्या रकान्यापाशी त्यांचा पेन थांबेल. काहीजणी घरी एक नाव आणि कागदावर दुसरं नाव ठेवतील, तमिळनाडूत असं करणारी घरं मी पाहिली आहेत. देव एका नावाने आणि हक्क दुसऱ्या नावाने, अशी वेळ पोरींवर आणणारा तो तिसरा परिच्छेद रद्द झाला पाहिजे. ही मागणी ख्रिस्ती संघटनांची म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. जातिअंताची चळवळ म्हणवणाऱ्या प्रत्येकाची ती मागणी आहे, आणि ती मोठ्याने करण्याची पाळी आता आपली आहे.