भिवंडी, ई-वे बिल आणि ताटकळण्याचा हिशोब

मुंबई-ठाण्यात राहत असाल आणि शनिवारी रात्री मागवलेला कुकर सोमवारी दारात आला असेल, तर तो भिवंडीच्या एखाद्या गोडाऊनमधून निघाला असण्याची शक्यता बरीच आहे. ऍपवर आपल्याला सगळं दिसतं. माल पॅक झाला, निघाला, गल्लीत आला. पण गोडाऊनमध्ये शिरण्याआधी तो माल घेऊन आलेला ट्रक कागदासाठी किती तास गेटबाहेर उभा होता, ते दिसत नाही. आज त्याच न दिसणाऱ्या तासांबद्दल लिहायचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. भिवंडीत एवढी गोडाऊनं का झाली? हायवे जवळ, न्हावा शेवा बंदर आवाक्यात, जागा मुंबईपेक्षा स्वस्त, ही कारणं आहेतच. पण एक मोठं कारण होतं जकात. मुलुंड, दहिसर, ऐरोली, वाशी या नाक्यांवरून माल मुंबईत शिरला की जकात भरावी लागायची. मग माल विकला जाण्याआधीच पैसे कशाला गुंतवा? त्यापेक्षा नाक्याच्या अलीकडेच ठेवा, लागेल तेवढाच आत न्या. म्हणून माणकोली, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे अशा ग्रामपंचायतींच्या गावांत भाताच्या खाचरांच्या जागी पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर टॅक्सच्या कोडमध्ये एक 'इफ-एल्स' होतं आणि त्याच्या 'एल्स'मध्ये अख्खं गोडाऊन-शहर वसलं :)

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. नाके ओस पडले. आता ट्रक थांबणार नाहीत, असं सगळ्यांनाच वाटलं. मग आलं ई-वे बिल. १ फेब्रुवारी २०१८ ला ते सक्तीचं होणार होतं, पण पहिल्याच दिवशी पोर्टलने मान टाकली आणि मुहूर्त पुढे गेला. (रिलीजच्या दिवशी सर्व्हर बसणं म्हणजे काय, हे आपल्या जमातीला वेगळं सांगायला नको.) शेवटी १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालासाठी आणि मे महिन्यात महाराष्ट्रांतर्गत मालासाठी ते लागू झालं.

सिस्टीम म्हणून मला ई-वे बिल आवडतं. पार्ट-ए मध्ये मालाची आणि बिलाची माहिती, पार्ट-बी मध्ये गाडीचा नंबर. वाटेत गाडी बंद पडून माल दुसऱ्या गाडीत भरला, तर पार्ट-बी बदलायचा. मुदत अंतरावर ठरते: आधी १०० किलोमीटरला एक दिवस होता, जानेवारी २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस झाला. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते. डिझाईन साफ आहे.

पण एक गोष्ट बघा. यातलं घड्याळ फक्त गाडीच्या मागे लागलेलं आहे. गाडीवाल्याने किती दिवसांत पोचायचं ते ठरलेलं. पोचल्यावर समोरच्याने किती तासांत माल उतरवून घ्यायचा, ते मात्र या सिस्टीममध्ये कुठेच नाही.

मागच्या पावसाळ्यात कामानिमित्त दोन दिवस तिथल्या एका गोडाऊनमध्ये होतो. शनिवारी दुपारी एक ट्रक आला. बिलावरचे नग आणि ऑर्डरमधले नग जुळेनात. दुरुस्ती करणारा माणूस हेड ऑफिसला, आणि हेड ऑफिसला शनिवार-रविवार सुट्टी. झालं! गाडी रस्त्याच्या कडेला, चिखलात. ड्रायव्हरकाका नाशिककडचे. मी म्हटलं, "काका, हॉल्टिंग मिळेल ना?" ते हसले. म्हणाले, "मिळालं तर मालकाला मिळंल, सर. आपल्याला गाडी चालवायचे पैसे. हुबं राहायचे कोण देतंय?" गाडी सोमवारी दुपारी खाली झाली. परतीचं भाडं तोवर दुसऱ्याने उचललं होतं. गोडाऊनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या गाडीची आवक सोमवारची लागली, कारण नोंद गेटमध्ये शिरल्यावर होते. शनिवार-रविवार रेकॉर्डवर घडलेच नाहीत!

आता म्हणाल, यात नवीन काय? थांबणं तर ट्रकवाल्यांच्या नशिबीच असतं. मला हे पटत नाही. बलवान पार्टीला थांबवलं तर थांबण्याला व्यवस्थित भाव लागतो. बंदरातला कंटेनर ठरलेल्या मोफत दिवसांपलीकडे अडकवून ठेवा, शिपिंग लाईन आयात करणाऱ्याकडून दिवसागणिक डिटेन्शन वसूल करते. तिथे लोखंडाच्या पेटीच्या वेळेला किंमत आहे, माणसाच्या नाही.

बरं, कायद्याला हे कळतच नाही असंही नाही. तेलंगणातली सत्यम शिवम पेपर्सची केस घ्या. ४ जानेवारी २०२०, शनिवार. शहरात मोर्चामुळे रस्ते अडले आणि कागदाचा माल पोचला नाही. रविवार गेला, ई-वे बिलाची मुदत संपली, सोमवारी अधिकाऱ्याने गाडी पकडली आणि ६९,००० रुपये वसूल केले. तेलंगणा हायकोर्टाने ते परत करायला लावले, आणि जानेवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारचं अपील फेटाळून वर आणखी ५९,००० रुपयांचा खर्च लादला. उशीर झाला म्हणजे टॅक्स चुकवायचा होता, असं धरता येत नाही, हा त्यातला मुद्दा.

त्याहून भारी गोष्ट जीएसटीच्या नियम १३८-डी मध्ये आहे. वाटेत तपासणीसाठी गाडी अर्ध्या तासापेक्षा जास्त अडवली, तर ट्रान्सपोर्टरला पोर्टलवर तशी नोंद करता येते. अर्धा तास! म्हणजे सरकारने स्वतःच्या अधिकाऱ्याच्या डोक्यावर घड्याळ टांगलं आहे. मग गोडाऊनच्या गेटवर ते का नसावं?

गोडाऊनवाल्यांची बाजूही ऐकली आहे. डॉक मोजके, सगळ्या गाड्या वीकेंडलाच येतात, आणि कागद चुकीचे आणले ट्रान्सपोर्टरने तर पैसे आम्ही का भरायचे? रास्त आहे. म्हणून माझं म्हणणं लगेच दंड लावा असं नाहीच. आधी मोजा. गाडी गेटबाहेर लागली ती वेळ, आत आली ती वेळ, खाली झाली ती वेळ, आणि थांबण्याचं कारण. चार रकाने. त्याची प्रत ड्रायव्हरच्या मोबाईलवर. दोष कोणाचा ते आकडे बोलतील. भाव नंतर ठरवता येईल.

आपण लोक वेबपेज उघडायला दोन सेकंद लागले तर मीटिंग लावतो. इथे माणूस दोन दिवस उभा राहतो आणि त्याचा लॉगसुद्धा नाही. एक रांग हटवली की ती पुढच्या अडचणीपाशी जाऊन लागते, हे आपल्याला पहिल्या वर्षी शिकवतात. जकात नाक्यावरची रांग निदान सगळ्यांना दिसायची, पेपरात फोटो यायचे. आताची रांग गेटागेटापाशी विखुरली आहे, म्हणून ती संपली असं आपण समजतो.

वाचणाऱ्यांत कोणी गोडाऊनचं सॉफ्टवेअर लिहीत असेल, तर पुढच्या रिलीजमध्ये 'गेटबाहेर आल्याची वेळ' हा एक रकाना टाकून बघा. क्लायंट नको म्हणाला तर का नको म्हणाला, तेही कळवा. ते वाचायला मला जास्त आवडेल.