स्तनाचा कर्करोग आणि आपल्या घरातील सवयी

१४ एप्रिलची मिरवणूक असो, धरणे असो की धम्म परिषद असो, आपल्या भगिनी लेकरे कडेवर घेऊन सर्वात पुढे असतात. भोजनदानाची पातेली त्याच उतरवतात आणि सभा संपल्यावर सतरंज्याही त्याच झाडतात. चळवळीचा निम्म्याहून अधिक भार वाहणाऱ्या या भगिनींच्या आरोग्याचा प्रश्न मात्र आपल्या बैठकांच्या विषयपत्रिकेवर कधी येत नाही. त्यातही दुखणे छातीचे असेल तर तो शब्द उच्चारायलाच आपल्याला लाज वाटते, आणि या लाजेची किंमत कोण मोजते हे सांगायची गरज नाही.

आमच्या विहारातील एक ज्येष्ठ उपासिका वर्षावासात एक दिवसही ग्रंथवाचन चुकवत नसत. डाव्या स्तनात लागलेली गाठ त्यांनी आठ महिने कोणालाही सांगितली नाही. दुखत नव्हती, म्हणून सांगितली नाही. सुनेच्या लक्षात आले तेव्हा कातडी आत ओढली गेली होती आणि काखेतही गाठी आल्या होत्या. वर्षभरात त्या गेल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी एक पाहुणे म्हणाले, "मागच्या जन्मीचं काहीतरी असंल." बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरात हे वाक्य! त्यावर शिकलेली पुतणी चिडून म्हणाली, "मागचा जन्म वगैरे काही नाही, काकींनी स्वतःकडे लक्षच दिलं नाही म्हणून झालं." पहिले वाक्य अज्ञानाचे होते हे आपण सगळे मान्य करू. पण दुसरे वाक्यही खरे नव्हते. या बाईंनी तिन्ही लेकरांना दोन-दोन वर्षे अंगावर पाजले होते, पन्नाशीपर्यंत शेतात राबल्या होत्या आणि दारूच्या थेंबाला कधी शिवल्या नव्हत्या. तरीही त्यांना हा आजार झाला.

म्हणून सवयींबद्दल लिहिण्याआधी हे सांगणे भाग आहे की चांगल्या सवयींनी धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. ज्या भगिनीला आजार झाला तिला 'तुझेच चुकले' असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही, डॉक्टरलाही नाही. वाढते वय, पाळी लवकर सुरू होणे, उशिरा जाणे, रक्तातून आलेला दोष यातले काहीच बाईच्या हातात नसते. रक्तातून आलेल्या दोषामुळे होणारे रुग्ण शंभरात पाच ते दहाच असतात. 'आमच्या घरात कोणाला नाही' म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही, तो यासाठी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. त्याच वर्षी साऱ्या जगात निदान २३ लाख आणि मृत्यू ६ लाख ७० हजार. म्हणजे जगात साधारण साडेतीन रुग्णांमागे एक मृत्यू आणि आपल्याकडे दोन रुग्णांमागे एक. हा फरक रोगाने केलेला नाही. उशिरा झालेल्या निदानाने, खिशात नसलेल्या पैशाने आणि पदराआड लपवलेल्या गाठीने तो केला आहे.

आता सवयींकडे येऊ. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथल्या नोंदी मुंबईच्या नोंदींशेजारी ठेवल्या तर मुंबईत या आजाराचे प्रमाण बरेच जास्त दिसते. गाव सोडून शहरात आलेल्या बाईच्या आयुष्यात काय बदलते? लग्न उशिरा होते, लेकरे एक किंवा दोन होतात, अंगावर पाजण्याचे महिने घटतात, बसून काम वाढते, तेल-साखर वाढते आणि पोट सुटते. यातल्या प्रत्येक गोष्टीचा या आजाराशी संबंध संशोधकांना आढळला आहे. इंग्लंडमध्ये जॅनेट लेन-क्लेपन या डॉक्टर बाईंनी कर्करोग झालेल्या पाचशे आणि न झालेल्या पाचशे स्त्रियांची माहिती जमवून १९२६ सालीच हे मांडले होते. कमी मुले आणि कमी स्तनपान असलेल्या स्त्रियांत आजार जास्त होता.

इथेच सावध राहिले पाहिजे. अशी माहिती हाती लागली की आपल्याकडचे संस्कृतीरक्षक लगेच म्हणणार, बघा, पोरींना शिकवले, नोकरीला लावले, लग्ने लांबवली, म्हणून हे रोग आले. व्हॉट्सॲपवर असे संदेश फिरतातही. त्यांना सांगितले पाहिजे की कमी वयातील आणि जास्त बाळंतपणांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आणि अठरा वर्षांखालच्या मुलीचे लग्न लावणे हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. मुलीचे शिक्षण हे काही औषधासाठी सोडून देण्याचे पथ्य नव्हे. आपल्या आजीने बारा बाळंतपणे सोसली ती हौसेने नव्हे, आणि त्यातली किती लेकरे जगली हेही आजीलाच विचारावे लागेल. लग्न कधी करायचे आणि मुले किती हवीत हा स्त्रीचा हक्क आहे. तो कोणत्याही टक्केवारीच्या बदल्यात परत करायचा नाही.

मग उरते काय? बरेच उरते, आणि त्यात पहिले स्तनपान. तीस देशांतील सत्तेचाळीस अभ्यासांची माहिती एकत्र करून २००२ साली संशोधकांनी हिशेब मांडला. बाई जितके दिवस अंगावर पाजते त्यातल्या दर बारा महिन्यांमागे धोका ४.३ टक्क्यांनी कमी होतो. दोन लेकरांना दीड-दीड वर्ष पाजले तर बारा-तेरा टक्के. ही सवय बिनपैशाची आहे असे सरकारी फलकांवर लिहिलेले असते. ते खोटे आहे. स्तनपानाला आईचा वेळ लागतो आणि कामकरी बाईच्या वेळेचे पैसे कोणीतरी मोजावे लागतात.

वकिलीच्या निमित्ताने हे मी जवळून पाहिले आहे. ठेकेदाराकडे साफसफाईचे काम करणारी एक भगिनी बाळंतपणानंतर कामावर परतली तेव्हा तिचे नाव हजेरीपटावरून उडवलेले होते. बाळ सात आठवड्यांचे असताना तिने दुसरीकडे काम धरले. घर ते काम जाऊन-येऊन अकरा तास. दूध बाटलीवर गेले. आम्ही नोटीस दिली, तारखा झाल्या, शेवटी तडजोडीत प्रसूतीकाळाची रक्कम मिळाली. तोवर बाळ नऊ महिन्यांचे झाले होते आणि तिचे दूध केव्हाच आटले होते.

कायदा नाही असे नाही. मातृत्व लाभ कायदा १९६१ साली झाला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आली. पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर हवे. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुट्टी द्यायची आहे. याच तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही आहेत. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असले की हक्क लागू होतो. 'तू रोजंदारीवर आहेस, तुला रजा कसली?' हे उत्तरही आता चालत नाही. दिल्ली महानगरपालिकेच्या मस्टरवरील महिला कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच रोजंदारी स्त्रियांचा हक्क मान्य केला आहे. आणि जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडले होते की प्रसूतीआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि तिचा काही भार सरकारनेही उचलावा. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. बाबासाहेब तेव्हा कर्करोगाबद्दल बोलत नव्हते हे खरे. परंतु त्यांनी मागितलेल्या विश्रांतीचे फळ आज डॉक्टर आकड्यांत मांडत आहेत.

घरकाम करणाऱ्या, वीटभट्टीवरच्या, शेतावरच्या बाईला मात्र यातले काहीच पोहोचत नाही. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ साली प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपये देऊ केले. २०१७ साली योजना आली ती पाच हजारांची, तीही पहिल्याच अपत्यासाठी. पाच हजारांत मुंबईत किती दिवस घरी बसता येते?

दुसरी सवय शरीर हलते ठेवण्याची. आठवड्याला किमान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, झपझप चालावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग. पाळी गेल्यानंतर शरीरातील चरबीच स्त्री संप्रेरक तयार करत राहते, ते स्तनातील पेशींना वाढवते, म्हणून उतारवयात वाढलेले वजन अधिक धोक्याचे. टाटा रुग्णालयाच्या संशोधकांना तर २०१६ साली असे आढळले की आपल्याकडच्या स्त्रियांत पोटाभोवतीची चरबी पाळी जाण्याआधीही धोका वाढवते. जी बाई दिवसभर पाटी वाहते तिला चालण्याचा सल्ला देणे हा विनोद आहे; तिला पोटभर जेवण आणि झोप हवी. पण शिलाई मशीनवर, काउंटरवर, बँकेत, शाळेत, कचेरीत बसणाऱ्या आपल्या मुली-सुना आता लाखांनी आहेत, आणि ही आपल्या चळवळीचीच कमाई आहे. त्यांना तो अर्धा तास हवा. संध्याकाळी सात वाजता ती चालायला गेली तर चपात्या कोण लाटणार? ज्या घरात या प्रश्नाला उत्तर नाही तिथे आरोग्याची पुस्तिका वाचून उपयोग नाही. व्यासपीठावर सावित्रीमाई आणि रमाईच्या त्यागाने गहिवरणारे आपले कार्यकर्ते घरी आल्यावर चहाचा कपसुद्धा उचलत नाहीत, ही वस्तुस्थिती आहे. (हे लिहिणाराही त्यात होता. आता रविवारच्या भाकरी मी करतो, गोल होत नाहीत.)

खाण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. एखादी भाजी, बी किंवा हळदीची गोळी खाऊन हा आजार टळतो असे कोणी सांगत असेल तर तो काहीतरी विकत आहे. भाकरी, डाळ, पालेभाजी, परवडेल ते फळ, आणि साखरेचा चहा-बिस्किटे कमी, इतकेच. मात्र एका सवयीचे नाव घेतो. सर्वांचे झाल्यावर बाईने मागाहून जेवायचे, कधी उरलेले नाही म्हणून उपाशी आणि कधी वाया जाऊ नये म्हणून दुप्पट. सगळ्यांनी एकत्र बसून जेवले की हीही सवय सुटते.

दारूचे मात्र स्पष्ट आहे. दारूने स्तनाचा कर्करोग होतो हे सिद्ध झाले आहे, आणि थोडी दारूसुद्धा धोका वाढवते. वाईन, बिअर, देशी असा भेद रोग करत नाही. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा द्राक्षबागायतदारांच्या फायद्याची चर्चा खूप झाली, बायकांच्या छातीची कोणी केली नाही. वस्तीतल्या बाईला दारूचा मार बहुधा नवऱ्याच्या हातून बसतो. पण कंपन्यांत नोकरीला लागलेल्या आपल्या मुलींना आता 'एखादा ग्लास चांगला असतो' असे सांगितले जाते. पाचवे शील घेणाऱ्यांना याहून जास्त सांगायला नको. रात्रपाळीबद्दलही संशोधकांना दाट संशय आहे. परिचारिका आणि सफाई कामगार भगिनींच्या संघटनांनी सलग रात्रपाळ्यांचा प्रश्न लावून धरावा.

या सगळ्या सवयी पाळूनही गाठ येऊ शकते. तेव्हा तपासणी हवी, आणि इथे मुंबईच्याच गरीब वस्त्यांनी साऱ्या जगाला उत्तर दिले आहे. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील दीड लाख स्त्रियांवर अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तनांची तपासणी केली. यंत्र नाही, किरण नाहीत. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयाच्या स्त्रियांत मात्र मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. आता सरकारी कार्यक्रमानुसार तिशीपुढच्या प्रत्येक स्त्रीची अशी तपासणी आरोग्य केंद्रात मोफत व्हायला हवी. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात एकीचीही स्तनतपासणी झालेली नव्हती.

उपकेंद्रातील परिचारिका आणि आशाताई यांना पौर्णिमेच्या कार्यक्रमाला विहारात बोलवा. मागच्या खोलीला पडदा लावून द्या, पुरुषांनी तेवढा वेळ पटांगणात खिचडीचे पाहावे. न दुखणारी गाठ, ओढलेली कातडी, आत गेलेले बोंड, त्यातून येणारे पाणी किंवा रक्त, ही लक्षणे मोठ्या अक्षरांत लिहून फलकावर लावा. त्याखाली जवळच्या केंद्रात तपासणी कोणत्या वारी होते तो वार लिहा.