घाबरू द्या तिला!

एप्रिल सरत आला की पुण्यात एखाद्या दुपारी चारच्या सुमारास हवा एकदम कोंडून राहते. झाडाचं पान हलत नाही. घामाच्या धारा लागतात आणि कुणी तरी म्हणतं, "आज वळीव येणार बरं का!" आमच्या घरी मात्र ही बातमी सर्वांत आधी चिंगीला कळलेली असते.

चिंगी म्हणजे आमची मांजर. करड्या पट्ट्यांची, सहा वर्षांची आणि एरवी कमालीची आगाऊ. दूधवाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत ती कुणालाही मोजत नाही. पण लांब कुठे तरी आभाळ गुरगुरलं की या वाघाच्या मावशीचं सारं अवसान गळतं. कान मागे पडतात, पोट जमिनीला टेकतं आणि ती सरपटत जाऊन आमच्या पलंगाखाली, जुन्या पत्र्याच्या ट्रंकेमागे दडते. तिथून फक्त दोन हिरवे डोळे दिसतात.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी तिची भीती घालवायचं ठरवलं. निवृत्त माणसाला असे विचार सुचतात. बाहेर कडकडाट सुरू होता. मी पलंगाखाली हात घालून तिला ओढून काढलं, मांडीवर घट्ट धरलं आणि म्हणालो, "अगं वेडे, घाबरतेस काय? मी आहे ना!" तेवढ्यात अगदी डोक्यावर वीज कडाडली. पुढचं सारं क्षणात घडलं. माझ्या हातावर कोपरापर्यंत चार लाल रेघा उमटल्या आणि चिंगी गॅलरीच्या ग्रिलमधून जिन्याच्या पत्र्यावर व तिथून अंधारात नाहीशी झाली.

ती सापडली तिसऱ्या रात्री, सोसायटीच्या पंपाच्या खोलीत. या तीन दिवसांत आमचा आठ वर्षांचा नातू धड जेवला नाही. मला तो काही बोलला नाही. तेच जास्त लागलं. चिंगी घरी आली, पण जवळजवळ महिनाभर माझ्या जवळपासही फिरकली नाही. मी खोलीत शिरलो की ती उठून जाई. हातावरच्या रेघा त्याआधीच बुजल्या होत्या.

त्या महिन्यात मला पुष्कळ विचार करायला वेळ मिळाला. आठवलं ते आमच्या गावचं घर. वीज चमकली की आजी आम्हा मुलांना जवळ घेऊन सांगायची, "वर म्हातारी हरभरे भरडतेय." मग अर्जुनाची दहा नावं म्हणायला लावायची. तिच्या लुगड्यात तोंड खुपसून ती नावं म्हणताना भीती थोडी पातळ व्हायची. वडिलांना हे पसंत नव्हतं. ते प्रेमळ होते, पण मुलगा भित्रा निघू नये ही त्यांची तळमळ. एकदा त्यांनी मला दंडाला धरून भर गडगडाटात ओसरीच्या कडेला उभं केलं. "बघ, काही होतं का?" काही झालं नाही हे खरं. पण माझी भीती गेली नाही. मी फक्त ती लपवायला शिकलो. आज अडुसष्टाव्या वर्षीही रात्री वीज चमकली की मी अंथरुणात डोळे मिटून आकडे मोजतो.

वडिलांनी माझ्याशी जे केलं तेच मी चिंगीशी केलं होतं. तेही प्रेमापोटी!

आपल्याकडे भीती हा दुर्गुण समजला जातो आणि तो मोडून काढायचा असतो. पण विजेची भीती खरोखरच खुळी आहे का? वीज पडते तेव्हा तिच्या वाटेतली हवा क्षणार्धात सुमारे तीस हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते, स्फोटासारखी फैलावते आणि तोच आपल्याला ऐकू येणारा कडकडाट. भारतात अलीकडे वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं विजेनं दगावतात. त्यांत शेतात राबणारे, झाडाखाली आसरा घेतलेले पुष्कळ. म्हणूनच जाणकार सांगतात, गडगडाट ऐकू आला की उघड्यावर थांबू नका, पक्क्या घरात शिरा. चिंगी ट्रंकेमागे शिरते तेव्हा ती याहून वेगळं काय करते? शिवाय तिचे कान उंदराची आपल्याला ऐकूही न येणारी बारीक चीं चीं टिपण्यासाठी घडलेले. त्या कानांवर आभाळ कोसळतं, आणि हे संपणार आहे असं तिला कुणी सांगू शकत नाही.

दडण्याचा उपयोग होतो, हे तपासूनही पाहिलेलं आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, प्राण्यांच्या निवाऱ्यात नव्यानं आलेल्या काही मांजरांना दडायला खोकं दिलं, काहींना दिलं नाही. खोकं मिळालेली मांजरं लवकर सावरली. एक साधं खोकं! आणि मी तर चिंगीला तिच्या खोक्यातून ओढून काढलं होतं.

आमच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा ते माझा हात पाहून हसले. म्हणाले, "काका, तिची जागा तिनं निवडलीय. ती तेवढी चांगली करून द्या." तेव्हापासून आमच्या घरचा रिवाज बदलला. ट्रंकेमागे सौ.च्या जुन्या सुती साडीची घडी कायमची पडलेली असते. ढग दाटले की आधी गॅलरीचं दार आणि खिडक्या लागतात, पडदे ओढले जातात. वाळूचा ट्रे आणि पाण्याची वाटी जवळ सरकते. पंखा मोठा करून रेडिओ लावला की बाहेरच्या आवाजाची धार थोडी बोथट होते. पुण्याच्याच 'आयआयटीएम' या हवामान संस्थेनं केलेलं 'दामिनी' ॲप मोबाइलवर आहे. विजा जवळ आल्या की ते सांगतं. अर्थात चिंगी त्याच्या आधीच सांगते.

मग आम्ही काय करतो? फारसं काही नाही, आणि तेच अवघड आहे. सगळ्यांनी पलंगाखाली वाकून "चिंगे, चिंगे" करायचं नाही. कुणी तरी एकानं खोलीत जमिनीवर बसायचं, पेपर वाचायचा, नेहमीच्या आवाजात बोलायचं. ती बाहेर आली तर पाठीवरून हात फिरवायचा, नाही आली तर नाही. शेजारच्या काकूंनी बजावलं, "लाड केलेत तर आणखी घाबरट होईल हो!" मी हेच डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, भीती हा हट्ट नव्हे, गोंजारल्यानं ती वाढत नाही. वाढते ती कोंडल्यानं, ओढल्यानं आणि ओरडल्यानं.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. घरातली माणसांची गोळी, अर्धी असो वा पाव, मांजराला देऊ नका. आपली साधी पॅरासिटामॉलही तिच्या जिवावर बेतते. भीती फारच असली तर तिच्यासाठी वेगळी औषधं आहेत, ती डॉक्टरांनीच ठरवायची. आणि वादळ सरल्यावरही दिवसभर ती काही खात नसेल किंवा तोंड उघडून धापा टाकत असेल, तर वाट न पाहता तिला दवाखान्यात न्या.

"एवढं सगळं एका मांजरासाठी?" असं कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण घरातल्या सर्वांत दुबळ्या जिवाच्या भीतीशी आपण कसे वागतो, हे घरातली मुलं बघत असतात. परीक्षेला घाबरणारा मुलगा, पोहायच्या तलावापाशी रडणारी मुलगी, इस्पितळाचं नाव काढलं की गप्प होणारी म्हातारी आई, या सगळ्यांना आपण तेच एक वाक्य ऐकवतो, "त्यात काय घाबरायचं?" त्यानं भीती जात नाही. घाबरलेला माणूस एकटा मात्र पडतो.

यंदाच्या मे महिन्यात असाच एक जोरदार वळीव आला. दिवे गेले. चिंगी ट्रंकेमागे होती, मी पलंगाला टेकून जमिनीवर बसलो होतो. थोड्या वेळानं नातू येऊन शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "आजोबा, मला पण थोडी भीती वाटते." तीन वर्षांपूर्वी तो हे बोलला नसता, कारण तेव्हा मी त्याला हसलो असतो. मी त्याला शिकवलं : वीज चमकली की आकडे मोजायचे, दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. आम्ही दोघं मोठ्यानं मोजू लागलो. सहा, नऊ, पंधरा. वादळ लांब चाललं होतं.

मेणबत्ती घेऊन सौ. दारात आली. "अहो, अंधारात काय मोजताय?"

"वीज," मी म्हणालो. "मला लहानपणापासून भीती वाटते तिची."

संसाराला त्रेचाळीस वर्षं झाली, पण हे मी तिला पहिल्यांदाच सांगत होतो. ती काही बोलली नाही. मेणबत्ती ट्रंकेवर ठेवून पदर सावरत आमच्या शेजारी खाली बसली. चिंगी मागे साडीच्या घडीवर तशीच बसून होती. पाऊस थांबल्यावर, तिला वाटलं तेव्हा, ती बाहेर आली.