अतिक्रमणाचा खटला चालतो कोठे?

एप्रिल २०२२ मध्ये दिल्लीच्या सरोजिनी नगरातील सुमारे २०० झोपड्या पाडण्यास सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. अर्जदारांपैकी एका मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर होती. पण असे प्रकरण दिल्लीपर्यंत पोहोचणे हा अपवादच. बाकीची मिटतात खालीच.

खासगी जागेत बेकायदा प्रवेश केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ नुसार तीन महिने कैद किंवा ५,००० रुपये दंड आहे. त्यात हेतू सिद्ध करावा लागतो आणि ताबाधारकाला तडजोडही करता येते. सरकारी जमिनीवर मात्र १९७१ चा सार्वजनिक जागांचा कायदा लागू होतो. तेथे नोटीस काढतो तो संपदा अधिकारी, म्हणणे ऐकतो तोच आणि निष्कासनाचा आदेशही त्याचाच. दिवाणी न्यायालयाचे दार बंद. जिल्हा न्यायाधीशांकडे अपिलास मुदत अवघी बारा दिवसांची. मोलमजुरी करणाऱ्याला एवढ्यात वकील मिळतो का? (अशा फायली मी हाताळल्या आहेत, नोटीस भिंतीला चिकटवली, एवढाच बहुधा पुरावा असे.)

दिल्लीच्या पुनर्वसन धोरणात १ जानेवारी २०१५ पूर्वीची झोपडी पात्र ठरते. संपदा अधिकाऱ्याने आदेशावर सही करण्याआधी ही पात्रता तपासलीच पाहिजे.